अंगठ्याएवढा शिपाई

खोलीच्या मध्यभागी एक लांबरुंद मेज मांडले आहे. मेजावर हिरवे कापड अंथरले असून त्याच्याखाली पुस्तके ठेवून टेकड्यांचे उंचवटे केले आहेत. निळ्या कागदाची एक नदी वळणे घेत मेजाच्या कडेपर्यंत गेली आहे. तिच्यावर लाकडी पूल आहे आणि पुलापलीकडे चार घरांचे खेडे आहे. या चिमुकल्या भूमीवर दोन सेना समोरासमोर उभ्या आहेत. मेजाच्या दोन्ही बाजूंस दोन खेळाडू बसले आहेत. त्यांच्या हाती मोजपट्टी आहे आणि फासे आहेत. कोणत्या तुकडीने किती अंतर चालावे हे मोजपट्टी ठरवते. गोळी लागली की हुकली हे फासे ठरवतात. पाश्चात्त्य देशांत हा खेळ हौसेने खेळला जातो. त्यास ‘वॉरगेम’ म्हणजे युद्धखेळ असे नाव आहे.

या सेनेतील एखादा शिपाई चिमटीत धरून डोळ्यांजवळ आणला, तर पाहणारा चकित होतो. त्याची उंची अंगठ्याच्या वरच्या पेराहून फारशी अधिक नाही. तरीही त्याच्या डगल्याला चुण्या आहेत, छातीवर आडवे पट्टे आहेत, पाठीवर पिशवी आहे. पिशवीच्या ओझ्याने त्याची मान किंचित पुढे झुकली आहे. एक गुडघा वाकला आहे. तोंड अर्धवट उघडे आहे. हा शिपाई पुष्कळ चालून आला आहे आणि अद्याप त्याला पुष्कळ चालायचे आहे, हे सांगावे लागत नाही, ते दिसते. एवढ्याशा धातूच्या तुकड्यात हा थकवा कोणी भरला आणि तो कसा भरला, हे जाणून घेण्यासारखे आहे.

युद्धाचा खेळ ही कल्पना फार जुनी आहे. भारतातील प्राचीन चतुरंगात हत्ती, घोडे, रथ आणि पायदळ ही सेनेची चारही अंगे पटावर मांडली जात. हाच खेळ इराण व अरब देशांतून युरोपात पोहोचला आणि कालांतराने त्याचे आजचे बुद्धिबळ झाले. पुढे १७८० मध्ये जर्मनीतील ब्रुन्सविक येथील हेल्विग नावाच्या गणिताच्या शिक्षकांनी बुद्धिबळाचा पट पुष्कळ वाढवला. डोंगर, पाणी, दलदल अशी जमीन दाखवणारे रंगीत चौकोन त्यांनी त्यावर आखले. त्यानंतर १८२४ मध्ये प्रशियाच्या सैन्यातील राइसविट्झ या तरुण अधिकाऱ्याने चौकोनही काढून टाकले आणि खऱ्या नकाशावर खेळण्याचे नियम तयार केले. सैन्यातील अधिकाऱ्यांना युद्धाचे शिक्षण मिळावे, हा त्या खेळाचा हेतू होता. परंतु त्यात शिपाई नव्हते. रंग दिलेल्या लहान ठोकळ्यांनाच पलटण समजावे लागे. ठोकळ्यास चेहरा नसतो.

चेहरा आला तो लहान मुलांच्या खेळण्यांतून. १८९३ मध्ये लंडनमधील विल्यम ब्रिटन यांनी आतून पोकळ असे शिशाचे शिपाई ओतण्याची युक्ती शोधून काढली. वितळलेला धातू साच्यात ओतायचा आणि बाहेरचा पातळ थर घट्ट होताच उरलेला रस लगेच परत काढून घ्यायचा, अशी ती युक्ती होती. धातू कमी लागल्यामुळे शिपाई स्वस्त झाले आणि घरोघर पोहोचले. विख्यात इंग्रज लेखक एच. जी. वेल्स यांना असल्या शिपायांचा मोठा नाद होता. लाकडी गोळे उडवणाऱ्या खेळण्यातील तोफा घेऊन ते आपल्या मित्रांसह जमिनीवर लढाया मांडीत. १९१३ मध्ये त्यांनी ‘लिटल वॉर्स’ म्हणजे ‘छोट्या लढाया’ नावाचे पुस्तक लिहून या खेळाचे नियम प्रसिद्ध केले. पुढे १९५० च्या दशकात अमेरिकेतील जॅक स्क्रूबी यांनी रबराच्या साच्यांत खास युद्धखेळासाठी लहान शिपाई ओतण्यास आरंभ केला. कालांतराने इंग्लंडातील नॉटिंगहॅम शहराच्या परिसरात हे शिपाई घडवणाऱ्या इतक्या संस्था निघाल्या की, त्या भागास गमतीने ‘शिशाचा पट्टा’ असे म्हटले जाऊ लागले.

आज प्रचलित असलेल्या शिपायाची उंची बहुधा २८ मिलिमीटर असते. ही उंची तळपायापासून डोळ्यांपर्यंत मोजण्याची रीत पुष्कळ ठिकाणी आहे. कारण कोणाच्या डोक्यावर टोपी असते, कोणाच्या शिरस्त्राण, तर कोणाच्या पिसांचा तुरा. डोळे मात्र सर्वांचे ठरावीक उंचीवर असतात. खऱ्या माणसाशी तुलना केली, तर हा शिपाई सुमारे साठपट लहान भरतो.

समजा, एखाद्या शिल्पकारास वॉटर्लूच्या लढाईतील फ्रेंच पायदळाचा शिपाई घडवायचा आहे. ही लढाई १८ जून १८१५ रोजी झाली. शिल्पकार प्रथम हत्यार हाती घेत नाही; तो पुस्तके उघडतो. संग्रहालयांत जतन केलेले गणवेश, बंदुका आणि त्या काळची चित्रे तो पाहतो. शिपायाची ठासणीची बंदूक सुमारे दीड मीटर लांब होती, म्हणजे जमिनीवर टेकवली तर ती जवळजवळ त्याच्या डोळ्यांपर्यंत येई. अनेक शिपायांनी अंगात लांब डगले चढवले होते. लढाईच्या आदल्या रात्री मुसळधार पाऊस पडला होता आणि शेतांत चिखल माजला होता. एवढे कळले की शिल्पकारापुढे माणूस उभा राहू लागतो. भिजलेला डगला कसा लोंबेल? चिखलातून पाय उचलताना शरीराचा भार कोठे जाईल? या प्रश्नांची उत्तरे ठरल्यावाचून तो पुढे जात नाही. गणवेशाच्या बटणांची संख्या पुस्तकात मिळते. परंतु थकलेला माणूस कसा उभा राहतो, हे माणसांकडे पाहूनच शिकावे लागते.

मग प्रत्यक्ष काम सुरू होते. बारीक तार वाकवून तिचा सांगाडा केला जातो. दोन पाय, कणा, खांदे आणि दोन हात, इतकेच त्यात असते. परंतु सारी जादू येथेच ठरते. सांगाड्याचा तोल चुकला, तर त्यावर कितीही सुंदर वस्त्रे चढवली तरी शिपाई लाकडासारखा ताठ दिसतो. म्हणून चांगला शिल्पकार तारेची ही आकृती पुनःपुन्हा फिरवून पाहतो आणि ती चालते आहे असे वाटेपर्यंत तिला सोडत नाही.

या सांगाड्यावर जे द्रव्य चढवतात ते लुकणासारखे असते. त्याच्या दोन पट्ट्या येतात, एक निळी आणि एक पिवळी. दोन्हींचे सारखे तुकडे घेऊन बोटांनी मळले की हिरवा गोळा तयार होतो. म्हणून शिल्पकार त्यास नुसते ‘हिरवे’ असेच म्हणतात. मळल्यापासून तास-दीड तास हा गोळा मऊ राहतो. नंतर तो हळूहळू घट्ट होतो आणि एका रात्रीत पक्का कठीण बनतो. मूर्तिकाराच्या मातीप्रमाणे तो पाण्याने पुन्हा मऊ करता येत नाही. म्हणून जे करायचे ते वेळेत करावे लागते आणि त्यानंतर थांबावे लागते. आज पाय, उद्या धड, परवा डगला, असा एकेक थर चढतो. पहिला थर वाळण्याआधी दुसऱ्याची घाई केली, तर बोटाच्या एका स्पर्शाने कालची मेहनत चेपून जाते. हत्यारे अगदी साधी असतात. शिवणाची सुई, दंतवैद्य वापरतात तसल्या बारीक सळ्या आणि एखादी लहान सुरी एवढ्यावर काम भागते. हत्यार द्रव्याला चिकटू नये म्हणून त्यास पाण्याचा किंवा व्हॅसलीनचा हलका हात लावतात.

सर्वांत कठीण काम चेहऱ्याचे. मोहरीच्या दाण्याहून थोड्याच मोठ्या गोळीत कपाळ, नाक, गाल आणि हनुवटी आणावयाची असते. दोन खळगे दाबले की डोळ्यांच्या जागा होतात. मधला उंचवटा नाक होतो. खाली एक आडवी रेघ ओढली की तोंड दिसू लागते. ही रेघ केसभर वर गेली तर शिपाई हसतो, केसभर खाली वळली तर तो रडवेला होतो. येथे हाताला कंप चालत नाही. श्वाससुद्धा जपून घ्यावा लागतो.

येथपर्यंत वाचून कोणास असे वाटेल की, खऱ्या माणसाची साठपट लहान आणि तंतोतंत नक्कल करणे म्हणजेच ही कला. परंतु तसे नाही. खऱ्या माणसाचा डोळा सुमारे तीन सेंटिमीटर रुंद असतो. साठपट लहान केला तर तो अर्ध्या मिलिमीटरचा होईल आणि मेजापाशी बसलेल्या खेळाडूस तो दिसणारच नाही. बंदुकीची नळी सुमारे दोन सेंटिमीटर जाड असते. तिची तंतोतंत नक्कल केली, तर ती मिलिमीटरच्या तिसऱ्या हिश्श्याएवढी बारीक होईल आणि पहिल्याच खेळात मोडून पडेल. दुसरी अडचण सावलीची आहे. खऱ्या डगल्याची चुणी खोल असते, म्हणून तीत सावली साठते आणि ती दुरून दिसते. साठपट लहान चुणीतील सावलीही तितकीच लहान होते आणि दुरून दिसत नाही. डगला गुळगुळीत भासतो.

म्हणून शिल्पकार नक्कल करीत नाही. तो निवड करतो. डोके आणि हात तो थोडे मोठे करतो. बंदूक जाड ठेवतो. दहा चुण्यांऐवजी चारच घेतो, परंतु त्या खोल कोरतो. बारा बटणे जेथे मावत नाहीत, तेथे सहाच ठेवतो. मोजपट्टीने पाहिले तर हा शिपाई चुकीचा ठरेल. परंतु डोळ्यांनी पाहिले तर तोच खरा वाटतो. कोणती गोष्ट मोठी करावी आणि कोणती सोडून द्यावी, हे ज्यास कळले त्यास ही कला कळली, असे म्हणण्यास हरकत नाही.

शिपाई तयार झाला तरी काम संपत नाही. त्याच्यापासून शेकडो शिपाई ओतायचे असतात. त्यासाठी त्यास कच्च्या रबराच्या दोन जाड चकत्यांमध्ये ठेवून यंत्रात दाबतात आणि चकत्यांना उष्णता देतात. उष्णतेने रबर पक्के होते आणि त्यात शिपायाचा ठसा उमटतो. चकत्या उघडून शिपाई सुटून यावा म्हणून तो घडवतानाच काळजी घ्यावी लागते. हात अंगापासून फार पुढे आला, किंवा बंदूक आणि छाती यांच्यामध्ये खोल पोकळी राहिली, तर शिपाई साच्यात अडकतो. या दाबाखाली आणि उष्णतेत मूळ हिरवा शिपाई पुष्कळदा मोडून जातो. कित्येक दिवस भिंगातून पाहून घडवलेली वस्तू अशा रीतीने एका तासात नाहीशी होते. शिल्पकार त्याचा शोक करीत नाही. त्या पहिल्या साच्यातून निघालेल्या धातूच्या प्रती मूळ म्हणून जपल्या जातात आणि त्यांवरून पुढचे साचे बनतात.

ओतकामाच्या वेळी हा गोल साचा वेगाने फिरवला जातो आणि मध्यभागी वितळलेला धातू ओतला जातो. ताक घुसळताना थेंब जसे बाहेर उडतात, तसा तो रस कडेकडे फेकला जातो आणि शिपायाच्या बोटाबोटांत शिरतो. आतील हवा निघून जावी म्हणून साच्यात बारीक वाटा कोरलेल्या असतात. एखादी वाट बंद राहिली तर शिपाई संगिनीवाचून जन्मास येतो. पूर्वी या धातूत पुष्कळ शिसे असे. शिसे शरीरास अपायकारक असल्यामुळे १९९० च्या दशकापासून अनेक कारखान्यांनी ते सोडून कथलाचे मिश्रधातू वापरण्यास सुरुवात केली. शिपायांच्या पलटणींसाठी प्लॅस्टिकही आता विपुल वापरले जाते. रंग मात्र खेळाडू स्वतःच देतो. शिल्पकाराने ज्या चुण्या खोल कोरलेल्या असतात, त्यांतच पातळ रंग साठतो आणि सावलीचे काम करतो.

आज पुष्कळ शिल्पकार हिरव्या गोळ्याऐवजी संगणकाच्या पडद्यावर शिपाई घडवतात आणि त्रिमितीय छपाईच्या यंत्राने तो थराथराने साकार करतात. त्यात चूक पुसता येते व एकच डोके दहा धडांवर बसवून पाहता येते. परंतु पडद्यावर शिपाई हातभर मोठा दिसतो, आणि मेजावर तो अंगठ्याएवढाच राहणार आहे याचा विसर पडतो. असा विसर पडला की, कोणासही न दिसणाऱ्या शिवणी कोरण्यात वेळ जातो. साधन बदलले तरी निवड करण्याचे काम यंत्र करीत नाही. ते शिल्पकारासच करावे लागते.

ही गोष्ट एका शिल्पकाराच्या आयुष्याने फार वेगळ्या रीतीने दाखवून दिली. मायकेल आणि ॲलन पेरी हे दोघे जुळे भाऊ इंग्लंडातील या कलेचे नामांकित शिल्पकार आहेत. १९७० च्या दशकाच्या अखेरीपासून ते नॉटिंगहॅमच्या परिसरात लघुशिल्पे घडवीत आले आहेत. जुन्या काळचा पोशाख करून त्या काळच्या लढाया मैदानावर पुन्हा करून दाखवण्याचाही त्यांना छंद होता. १९९६ मध्ये फ्रान्समध्ये अशाच एका प्रसंगी तोफेचा बार अवेळी उडाला आणि मायकेल यांना आपला उजवा हात गमवावा लागला. त्यांचे सारे काम उजव्या हाताचे होते. ज्या कलेत केसभर चूकही चालत नाही, त्या कलेतून हा माणूस कायमचा उठला, असेच कोणीही म्हटले असते.

परंतु मायकेल डाव्या हाताने घडवण्यास शिकले. हात गेला होता. तारेचा तोल ओळखणारी दृष्टी गेली नव्हती. कोणती चुणी ठेवावी आणि कोणती सोडावी, हे ठरवणारे मन गेले नव्हते. डाव्या हाताला हळूहळू त्या मनाची आज्ञा पाळण्याची सवय झाली. पुढे २००१ पासून ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ या कादंबरीवरील चित्रपट निघाले, तेव्हा त्यांतील पात्रांची लघुशिल्पे घडवण्याच्या कामात हे दोन्ही भाऊ होते. दोघांनी स्वतःच्या नावाची संस्थाही स्थापन केली आणि तिच्यातर्फे निरनिराळ्या शतकांतील सेनांचे शिपाई घडवले. ते शिपाई हाती घेणाऱ्यास, हा डाव्या हाताचा की उजव्या हाताचा, असा प्रश्न सुचतही नाही.

शेवटी प्रश्न उरतो तो असा की, लढाईचा खेळ खेळावा तरी कशासाठी? त्याचे उत्तर वेल्स यांनी आपल्या पुस्तकात देऊन ठेवले आहे. ही छोटी लढाई चार वेळा खेळून पाहणाऱ्यास खरी लढाई केवढी चुकांनी भरलेली आणि केवढी विनाशक असते हे उमगेल, अशा आशयाचे विचार त्यांनी मांडले. मोठ्या युद्धांची खुमखुमी माणसांनी असल्या खेळावरच भागवावी, असे त्यांना वाटे. ते पुस्तक १९१३ चे. जगाने ते ऐकले नाही. पुढच्याच वर्षी पहिले महायुद्ध पेटले.

वॉटर्लूच्या खऱ्या रणभूमीवर एका दिवसात चाळीस हजारांहून अधिक माणसे ठार किंवा जखमी झाली. त्यांतील प्रत्येकास चेहरा होता. परंतु लढाईच्या नकाशावर ती सारी नुसते ठोकळे होती. शिल्पकार त्या ठोकळ्याला पुन्हा माणूस करतो. त्याची झुकलेली मान, वाकलेला गुडघा आणि भिजलेला डगला तो आठवणीने घडवतो. फाशाच्या दानाने हा शिपाई मेजावर आडवा पडला, तर खेळाडूला क्षणभर वाईट वाटते. खेळ संपताच मात्र सारे शिपाई उचलले जातात. मेलेले आणि जिंकलेले, हरलेले आणि पळालेले, सगळे एकाच पेटीत कापसावर शेजारी शेजारी निजतात आणि पुढच्या रविवारी पुन्हा उठून उभे राहतात. ज्या लढाईतून सर्व शिपाई घरी परततात, अशी लढाई मेजावरच होऊ शकते.

स्वाध्याय

१. राइसविट्झ यांच्या खेळातील ठोकळे आणि आजचे शिपाई यांत कोणता फरक आहे?
२. शिपायाची उंची डोळ्यांपर्यंत का मोजतात?
३. पुढील विधानांची कारणे लिहा :
(अ) शिल्पकार डगल्याच्या चुण्या खोल कोरतो.
(आ) एका थरानंतर दुसरा थर देण्यापूर्वी शिल्पकारास थांबावे लागते.
(इ) साच्यातील हवा निघून जाण्यासाठी बारीक वाटा कोरतात.
४. ‘म्हणून शिल्पकार नक्कल करीत नाही, तो निवड करतो.’ या विधानाचा अर्थ तुमच्या शब्दांत स्पष्ट करा.
५. मायकेल पेरी यांच्या उदाहरणावरून कलेचे खरे स्थान कोठे असते असे तुम्हांस वाटते? आठ-दहा ओळींत लिहा.
६. चिमटीत धरणे, केसभर चूक न चालणे, खुमखुमी भागवणे यांचा वाक्यांत उपयोग करा.
७. दिवसभर काम करून घरी परतणाऱ्या एखाद्या माणसाकडे नीट पाहा. त्याची मान, खांदे, हात व पावले यांचे वर्णन करा. ‘तो थकला होता’ हे शब्द मात्र वापरू नका.